बुर्जीचा डाव

दर बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे उलटेसुलटे करायची. ते सकाळीच वाळलेले असायचे. समोरच्या किराणा दुकानदाराला माझं हे नाटक पाठ होतं. तो खालूनच ओरडायचा, "बाई, पोलादपूरची गाडी आली हो मघाशीच!" मी ऐकलंच नाही असं दाखवायची आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवायची. पाच-सात मिनिटांत जिन्यात चपला वाजायच्या आणि मधल्या वळणावर थांबायच्या. तिथे भिंतीवर महाडच्या पुराची रेघ उमटलेली आहे. तिच्याकडे बघायच्या निमित्ताने धाप टाकून घेता येते. "यंदा नाय चढला वाटतं पानी इथवर," असं म्हणत वहिनी वर यायच्या. ऐन वैशाखातसुद्धा त्यांचं वाक्य हेच.

वहिनी म्हणजे माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावी मी अकरा वर्षं प्राथमिक शिक्षिका होते आणि शाळेला लागूनच त्यांचं घर होतं. शाळेची किल्ली त्यांच्या खुंटीला, मुलांचं पिण्याचं पाणी त्यांच्या हंड्यातलं, दुपारी माझ्या डब्याला जोड म्हणून ताक त्यांच्याच घरचं. आमचे हेडमास्तर त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. त्या मला बाई म्हणत. या ओळखीला तीस वर्षं होऊन गेली, पण आम्ही एकमेकींना अजून 'तुम्ही'च म्हणतो. फक्त डाव रंगात आला की त्यांच्या तोंडून एखादा 'गो' निसटायचा. तो ऐकला की मी समजायचे, आता आपली धडगत नाही.

डाव बुद्धिबळाचा. पण हल्ली क्लास लावून शिकतात ते बुद्धिबळ नव्हे. माझं माहेर पाचाडचं. भाताची झोडणी उरकली की माझे वडील पडवीत पट मांडून बसायचे, ते देशी बुद्धिबळ. कापड्याला वहिनींच्या सासऱ्यांनाही तोच नाद. त्यांचा जोडीदार वारल्यावर म्हाताऱ्याला करमेना, तेव्हा त्यांनी सुनेलाच समोर बसवली. डोक्यावरचा पदर सावरत ही सून सासऱ्यावर मात करायची आणि मग उठून त्यांना जेवायला वाढायची.

मला यातलं काही माहीत नव्हतं. एकदा मधल्या सुट्टीत त्यांच्या पडवीत पट दिसला म्हणून मी थबकले, तर त्यांनी विचारलं, "येतंय का बाई तुमाला?" मी मनात हसले. मी गणित शिकवणारी, आणि ही बाई चुलीपुढची. पाव तासात त्यांनी माझ्यावर एका प्याद्याने मात केली. दोन दिवस मी त्यांच्याकडचं ताक प्यायले नाही. तिसऱ्या दिवशी ऊन फारच होतं, म्हणून गेले.

आता नियम सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. देशी खेळात समोरच्याची सगळी मोहरी मारली गेली आणि त्याचा राजा एकटाच उरला, की डाव तिथल्या तिथे संपतो. याला बुर्जी म्हणतात. अंड्याची ती भुर्जी, तिचा याच्याशी संबंध नाही. बुर्जीत कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एकट्या राजाला शह द्यायचा नाही आणि मातही करायची नाही. त्यामुळे जिंकणाऱ्याला फार जपून खेळावं लागतं. समोरच्याचं निदान एक तरी प्यादं पटावर जिवंत ठेवूनच राजाला कोंडायचं. त्यातही आपल्या प्याद्याने कोंडला तर त्याच्यासारखी शोभा नाही. आणि हरणारा जो असतो, तो आपलं शेवटचं मोहरं मुद्दाम दुसऱ्याच्या घशात घालायला बघतो, म्हणजे बुर्जी होऊन अब्रू वाचते. वहिनींचे सासरे म्हणायचे, राजाला मारायचा तर त्याच्या माणसांच्या देखत मारावा, एकट्याला गाठण्यात कसली मर्दुमकी.

त्यांच्या घरचा आणखी एक रिवाज होता. बुर्जी झाली की डाव फिरून मांडायचा, आणि तो निकाली निघेपर्यंत दोघांपैकी कुणी गाव सोडायचं नाही. म्हाताऱ्याने एकदा याच कारणासाठी पुतण्याच्या लग्नाची गाडी चुकवली होती म्हणे. त्यात खरं किती आणि तिखटमीठ किती, देव जाणे. पण आम्ही तो रिवाज पाळत आलो.

निवृत्त झाले तेव्हा मी महाडमध्ये दोन खोल्या घेतल्या. वहिनींना महाडच्या डॉक्टरांकडून रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या असत, शिवणाचा दोरा-अस्तर घ्यायचं असे. त्यासाठी त्यांनी बुधवार ठरवला. खरं सांगायचं तर गोळ्या पोलादपूरलाही मिळतात आणि दोराही मिळतो. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि ते आम्ही एकमेकींना कधी सांगितलं नाही.

पट त्यांनीच शिवलेला होता. गणवेशाच्या कापडाचे तुकडे जोडून निळे-पांढरे चौकोन, चारी बाजूंनी लाल गोट. मोहरी बाजारातली लाकडी. एक हत्ती पुराच्या चिखलात गेला, त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ उभं असायचं. ते रीळ नेहमी वहिनींच्या वाट्याला. त्या रिळाने माझे किती वजीर मारले असतील याची मोजदाद नाही. साडेपाचला डाव असेल तिथे थांबवायचा, कारण पोलादपूरला उतरून त्यांना पुढची महाबळेश्वरकडची गाडी पकडायची असे. ती चुकली तर मिनीडोर रिक्षा, आणि मिनीडोर भरेपर्यंत सुटत नाही.

मी एकटी आहे हे मला बुधवार सोडून सहाही दिवस माहीत असायचं. लग्न राहून गेलं. भाऊ आपापल्या संसारात. भाच्या वाढदिवसाला फोनवर गोड बोलतात. सोमवारी मी दिवसभरात एकाच माणसाशी बोलायचे, दूधवाल्याशी, आणि तेही "अर्धा लिटर" एवढंच. आमच्या इमारतीतले एक निवृत्त बँकवाले एकदा हौसेने खेळायला आले होते. त्यांनी माझी सगळी मोहरी मारली. मी म्हटलं, झाली बुर्जी. ते म्हणाले, "ताई, असला काही नियम नाहीये," आणि माझ्या एकट्या राजाला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवत बसले. चेहऱ्यावर केवढा आनंद! मी मोहऱ्यांसकट पट गुंडाळला आणि दूध संपलंय असं सांगितलं. ते पुन्हा आले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खेळते तो खेळ खेळणारं माणूस मला आता एकच उरलंय.

नवरात्र संपल्यावर चार दिवसांनी वहिनींच्या लेकीचा फोन आला. ती बोईसरला असते, जावई तिथे कारखान्यात. वहिनींना ही एकच मुलगी, आणि माझी विद्यार्थिनी. "बाई, आई परसात पडली. मनगट दुखावलंय. अर्धा तास तिला उठता येईना. दूध घालायला येतात त्या काकींनी बघितलं म्हणून. मला तिने सांगितलंसुद्धा नाही, त्या काकींकडून कळलं. आजूबाजूची सगळी घरं बंद, सगळे मुंबईला. बाई, ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते. तिला सांगा ना आमच्याकडे राहायला यायला."

"सांगते," मी म्हटलं.

पहिल्या बुधवारी वहिनी आल्या. रेघेपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. पट मांडला, आणि त्यांनी घोडा डाव्या हाताने उचलला. उजवा हात पदराखाली होता. मी तो डावा हात बघितला, पडल्याचं मला माहीत होतं, आणि तरी मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं. मी मनाशी म्हटलं, आज नको, आत्ताच तर आल्यात, दमल्यात. मी त्यांना दुसरा चहा दिला आणि माझा उंट पुढे काढला.

दुसऱ्या बुधवारी विषय त्यांनीच काढला. पटावरची नजर न काढता म्हणाल्या, "लेक बोलावते ऱ्हायाला. काय करू?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. लेकीला मी शब्द दिला होता. पण मी म्हटलं, "बघा बुवा. चौथ्या मजल्यावर दार लावून बसाल. सकाळी सगळे कामावर जाणार, तुम्ही भिंतीशी बोलणार. इथे निदान आपलं अंगण आहे."

"त्येबी खरंच," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी खेळी केली.

मी हे सगळं कशाला लिहितेय? मी बाई आहे, चाळीस-चाळीस पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. आणि ज्या बाईने मला अकरा वर्षं ताक पाजलं, तिच्याशी मी असं वागले. अंगण आहे म्हणे! त्याच अंगणामागच्या परसात ती अर्धा तास पडून होती. मला तिची काळजी नव्हती असं नाही. होती. पण बुधवारची काळजी तिच्याहून मोठी होती.

तिसऱ्या बुधवारी मी आणखी एक पायरी खाली उतरले. डाव माझा हरत आला होता. राजा आणि एक घोडा, एवढंच उरलेलं. वहिनी थकल्यासारख्या दिसत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. मी घोडा त्यांच्या रिळाच्या वाटेत नेऊन ठेवला. त्यांनी पटकन मारला आणि मग कपाळाला हात लावला. "अगो बाय, बुर्जी झाली!"

"फिरून मांडावा लागणार," मी म्हटलं. "आता बाकी राहिला. पुढच्या बुधवारी." तोवर गाव सोडायचं नाही, हे मी बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. रिवाज त्यांच्याच घरचा होता.

चौथ्या बुधवारी मी कपडे उलटेसुलटे केले. दुकानदार ओरडला, गाडी आली म्हणून. आधण उकळून अर्धं झालं, जिन्यात कुणी आलं नाही. चार वाजता फोन लावला, लागेना. पाच वाजता दुकानदार म्हणाला, "बाई, आज काय पाहुण्या नाहीत?" मी त्याच्यावर खेकसले. तो बिचारा गोणीतले कांदे निवडायला लागला. त्या संध्याकाळी मी जेवले नाही.

गुरुवारी सकाळी पट आणि मोहरी पिशवीत टाकून मी निघाले. पट कशाला घेतला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. पोलादपूरला उतरून मिनीडोर भरायची वाट बघत बसले. मी धरून चारच माणसं होती. शेवटी मी ड्रायव्हरला म्हटलं, "मला बाकीच्या सीटांच्या जागी धर, पण चल." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडी काढली.

कापड्यात भात कापून झालं होतं. मोकळ्या खाचरांत वाल वर आला होता, पेंढ्याच्या उडव्या रचून तयार होत्या. वाडीत एकामागून एक घरांना कुलपं. गणपतीला उघडलेली, आता थेट शिमग्याला उघडायची. वहिनी पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळाच्या उजव्या बाजूला काळंनिळं झालेलं होतं. हंडा रिकामा होता.

"बाई? तुमी कशा काय?" त्या उठायला गेल्या. मी त्यांना खांदा धरून बसवलं.

मंगळवारी चक्कर येऊन उंबऱ्यावर आपटल्या होत्या. फोन पाण्यात पडला होता. बुधवारी निघायचं म्हणून लुगडंसुद्धा नेसून झालं होतं, पण उतरणीवर पाय लटपटायला लागले म्हणून मागे फिरल्या. हे सगळं त्या मला माफी मागितल्यासारखं सांगत होत्या. "तुमी वाट बघितली असंल. आधन ठेवला असंल."

मी नळावरून पाणी आणलं, चहा केला, त्यांच्यापुढे ठेवला आणि बोलून टाकलं. "वहिनी, तुमच्या लेकीचा फोन आला होता मला. महिना झाला."

"म्हायती हाय."

"कधी कळलं?"

"तिनं तुमाला केलान, त्याच सांजंला मलाबी केलान. म्हनली, बाईंना सांगितलंय, बाई समजावतील तुला."

मला वाटलं जमीन फाटावी. "मग तुम्ही विचारलं का नाहीत मला?"

"काय इचारू? म्हटलं सांगतील बाई. पयल्या बुधवारी नाय बोललात. दुसऱ्या टायमाला म्याच काढला, तं तुमी म्हनलात, भिंतीशी बोलशीला. मंग मी समजले."

"काय समजलात?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला. "लेक बोलावते ती मी पडंन म्हनून. तिचा काय चुकत नाय. पन तुमाला मी हवी व्हते ती अशीच, कारनाबिगर हवी व्हते. तसं कोन ऱ्हायलंय मला दुसरं? मंग ऱ्हायले."

मला रडू आलं नाही, शरम वाटली. इतकी की मी त्यांच्या कपाळाकडे बघू शकत नव्हते. एवढं सगळं कळूनही त्या दर बुधवारी दुखरा हात पदराखाली घेऊन दोन गाड्या बदलून येत राहिल्या होत्या, आणि मी घोडा पुढे करून त्यांना अडकवत होते.

"आता लेकीला फोन लावून द्या," त्या म्हणाल्या. "जाते मी. आता होत नाय गो."

मी माझ्या फोनवरून लावून दिला. मायलेकी बोलल्या. रविवारी गाडी घेऊन येते म्हणाली. मी बाजूला बसून होते. 'जा वहिनी, तुम्ही तिथेच बऱ्या' एवढे पाच शब्द मला म्हणता आले असते. तेवढंच तर लेकीने मागितलं होतं. पण मी पिशवीचे बंद ओढत बसले.

"पट आनलाव का?" वहिनींनी विचारलं. माझी पिशवी बघूनच त्यांनी ओळखलं होतं. "मांडा मंग. बाकी ठेवून कशी जाऊ?"

पडवीत ऊन होतं तोवर आम्ही खेळलो. त्या डाव्या हाताने खेळत होत्या, एका डोळ्यावर सूज होती, आणि तरी असा डाव मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. तासाभरात माझा वजीर गेला, हत्ती गेले. शेवटी माझ्याकडे राजा आणि एक प्यादं. त्यांच्याकडे राजा, रीळ आणि तीन प्यादी.

मी काय करणार हे मला माहीत होतं, आणि करताना लाजही वाटत होती. मी प्यादं पुढे सारून थेट त्यांच्या राजाला शह दिला. प्याद्याला जोर कुणाचाच नव्हता. त्यांनी राजाने ते मारलं की बुर्जी. बुर्जी झाली की डाव फिरून. फिरून मांडायला रविवार उजाडेल, मग गाडी आली तरी डाव बाकी असेल. साठी उलटलेली बाई मी, आणि असल्या आधारावर जीव टांगून बसले होते.

वहिनींनी प्याद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत. राजा उचलला आणि प्यादं न मारता त्याच्या बरोबर समोर आणून उभा केला. प्यादं अडलं. आता त्याला पुढे जाता येत नव्हतं, आणि मरताही येत नव्हतं.

"त्याला नाय खानार मी," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तुमच्याजवळ."

पुढच्या सात-आठ खेळ्यांत त्यांच्या रिळाने आणि प्याद्यांनी माझ्या राजाला कोपऱ्यात दाबत आणलं. शेवटची खेळी प्याद्याची होती. "शह हाय गो, बाई. आनि मातबी हाय." पटावर माझं ते एक प्यादं तसंच उभं होतं.

मी पट त्यांच्यापुढे सारला. "घेऊन जा. तुम्हीच शिवलेला आहे." त्यांनी मान हलवली. "तिकडं नातीकडं हाय म्हनं प्लास्टिकचा. ह्यो तुमच्याकडं असूं दे."

रविवारी मी गेले नाही. लेकीने निघताना फोन केला, "बाई, थँक यू, तुम्ही समजावलंत म्हणून आई तयार झाली." मी म्हटलं, "अगं, त्यात काय." असं खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन.

बुधवार आता गुरुवारसारखा झाला. दुकानदार तीन वाजता वर बघतो, पण ओरडत नाही. तो दोन-तीनदा काहीतरी निमित्त काढून बोलला, कांदे महागले, पाणी उशिरा आलं. तो चांगला माणूस आहे, पण त्याच्याशी कांद्याबद्दल किती बोलणार. एकदा मी एकटीनेच दोन्हीकडून खेळून बघितलं. चार खेळ्या झाल्या आणि समोरचीच्या मनात काय आहे ते आधीच माहीत असल्यामुळे वैताग आला. गॅलरीत मात्र मी अजून जायचे. सवय.

वहिनींचा फोन बुधवारीच येतो, तीनला. पहिले काही फोन लिफ्टबद्दल होते. मग हात बरा झाल्याचं कळलं, मग तिथल्या मासळी बाजाराबद्दल. परवाच्या बुधवारी त्यांचा आवाज बारीक वाटला.

"नातीसंगं खेळते रोज," त्या म्हणाल्या. "लय हुशार हाय पोर."

"कोण जिंकतं?"

"तीच. पटापटा सगळी मोहरी खाते. मी म्हनते, झाली बुर्जी. तं म्हनते, नाय आजी, असं काय नसतं. आनि माझ्या एकल्या राजाच्या मागं लागते. ह्या घरातून त्या घरात, त्या घरातून ह्या घरात." मग म्हणाल्या, "हितं एकल्या राजालाबी मारतात, बाई."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता.

"येऊ का गो मी परत?" त्यांनी विचारलं.

हेच ऐकायला मी इतके बुधवार फोनजवळ बसत होते. 'या' म्हटलं असतं तर त्या आल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी 'राहा' म्हणते असं वाटून त्या एकदा राहिल्या होत्याच. पट घडी करून कपाटात होता, मी त्या कपाटाकडे बघत होते.

"चक्कर येते का अजून?" मी विचारलं.

"नाय. जावई रोज इचारून गोळ्या देतो."

"पडलात का पुन्हा?"

"एकदाबी नाय."

"मग नका येऊ," मी म्हटलं. "तिथंच राहा, वहिनी. लेकीजवळ राहा." माझा आवाज शाळेत यायचा तसा आला, जरा जास्तच चढा.



"सांगितलात तं शेवटी," वहिनी म्हणाल्या.

दोघींनीही फोन ठेवला नाही. मग तिकडून नातीने हाक मारली, "आजी, पट मांडलाय, ये ना," तेव्हा त्यांनी ठेवला. मी गॅलरीत गेले. कपडे सकाळीच वाळले होते. मी ते काढले आणि आत घेऊन आले.